आधी पैसे, मग पेट्रोल

किराणा दुकानात साखर तराजूत तोलली जाते, पुडीत बांधली जाते आणि पैसे हातात पडल्यावरच दुकानदार ती पुडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकतो. पैसे कमी पडले तर पुडी पुन्हा फळीवर जाते आणि व्यवहार तेथेच मिटतो. एस.टी.चे तिकीट प्रवास संपण्यापूर्वी काढावे लागते आणि टपाल तिकीट पत्र पेटीत पडण्यापूर्वी लावावे लागते. रोजच्या व्यवहारात माल आणि मोल यांचा क्रम बहुधा असा ठरून गेलेला असतो. पेट्रोल पंप हा त्याला मोठा अपवाद आहे. येथे माल आधी वाहनाच्या टाकीत जातो आणि मोल नंतर हातात येते. टाकीत गेलेले पेट्रोल अगोदरच्या पेट्रोलमध्ये मिसळून जाते. ते वेगळे काढता येत नाही व फळीवर परत ठेवता येत नाही. शिवाय ज्या वस्तूत तो माल ओतला, तीच वस्तू गिऱ्हाइकाला क्षणार्धात दूर नेण्यास समर्थ असते.

या साध्या वस्तुस्थितीतून जगातील अनेक देशांत एक प्रश्न उभा राहिला. पेट्रोल भरून पैसे न देताच निघून जाणाऱ्यांचे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता हा किरकोळ चोरीचा प्रश्न वाटतो. परंतु कॅनडातील दोन प्रांतांनी त्यावर ‘आधी पैसे, मग इंधन’ असा सक्तीचा नियम केला, त्यामागील कारण चोरीत गेलेल्या मालाची किंमत हे नव्हते. पंपावर काम करणाऱ्या माणसांचे प्राण हे ते कारण होते.

पंपावरील माणूस कसा दूर झाला

इंधन मोजून देणारा पहिला पंप अमेरिकेत फोर्ट वेन येथे सिल्व्हेनस बाउझर याने १८८५ साली तयार केला. तो रॉकेलसाठी होता. पुढे मोटारी आल्या आणि रस्त्यारस्त्यांवर पेट्रोलचे पंप उभे राहिले. या पंपांवर दीर्घकाळ नोकर असत. तेच पेट्रोल भरीत, काच पुसून देत, चाकांतील हवा पाहत आणि पैसेही तेच घेत. गिऱ्हाइकाने गाडीतून खाली उतरण्याचेही कारण नसे. पेट्रोल भरणारा माणूस गाडीच्या दाराशीच उभा असल्यामुळे पैसे बुडवून जाणे सोपे नव्हते.

१९४७ साली लॉस एंजेलिस येथे फ्रँक युरिच या पंपचालकाने स्वतः पेट्रोल भरून घेणाऱ्या ग्राहकास गॅलनमागे काही सेंट सवलत देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. स्वयंसेवेची ही कल्पना लोकांना आवडली, परंतु आगीच्या भीतीमुळे अनेक ठिकाणी तिला कायद्याने मनाई होती. न्यू जर्सी राज्याने १९४९ साली स्वयंसेवेवर घातलेली बंदी आजही कायम आहे. ऑरेगॉन राज्याने १९५१ साली अशीच बंदी घातली होती. ती २०२३ साली उठली. मराठी वाचकास हे ऐकून गंमत वाटेल की, पंपावर माणसाने पेट्रोल भरून देण्याची आपल्याकडील रोजची पद्धत न्यू जर्सीत कायद्याने राखून ठेवलेली आहे.

१९६४ साली कोलोरॅडो राज्यातील वेस्टमिन्स्टर गावी दुकानाच्या गल्ल्यावर बसून दूरवरून पंप चालू आणि बंद करण्याची सोय प्रथम करण्यात आली. या एका सुधारणेने पंपाचे सारे स्वरूप पालटले. गल्ल्यावर एक माणूस बसला की चार, सहा, आठ पंप चालू शकत. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले. त्यामुळे भाव भडकले, पंपचालक खर्च कमी करण्याच्या मागे लागले आणि स्वयंसेवा सर्वत्र पसरली. मजुरी वाचली व गिऱ्हाइकालाही थोडी सवलत मिळाली. परंतु पेट्रोल भरणारा हात आणि पैसे घेणारा हात यांच्यामध्ये आता मोकळे आवार आणि दुकानाची काच आली. ते अंतर भरधाव गाडीला फार मोठे नव्हते.

इंग्रज न्यायालयाचा पेच

पैसे न देता निघून जाणे ही चोरीच, असे कोणीही सहज म्हणेल. इंग्लंडमधील कायद्याला मात्र हे इतके सोपे वाटले नाही. १९७६ साली तेथील उच्च न्यायालयापुढे एडवर्ड्स विरुद्ध डिन हा खटला आला. आरोपीने गाडीत पेट्रोल व ऑइल भरून घेतले होते आणि पैसे न देता तो निघून गेला होता. न्यायालयाने असा विचार केला की, पेट्रोल टाकीत ओतले गेले आणि आधीच्या पेट्रोलमध्ये मिसळले, त्याच क्षणी त्याची मालकी ग्राहकाकडे गेली. चोरी ही दुसऱ्याच्या मालाची होते. हा माणूस निघून गेला तेव्हा टाकीतील पेट्रोल त्याच्याच मालकीचे होते. म्हणून ही चोरी नव्हे. पंपमालक हा मालाचा धनी राहिला नसून केवळ येणेकरी उरला होता, असा या निर्णयाचा अर्थ होतो.

सामान्य माणसाला हा तर्क विचित्र वाटेल, पण तो चुकीचा नव्हता. त्यामुळे कायद्यातील पळवाट मात्र उघडी पडली आणि ती बुजविण्यासाठी ब्रिटिश संसदेने १९७८ च्या चोरीविषयक कायद्यात एक स्वतंत्र गुन्हा घातला. माल घेतल्यावर किंवा सेवा घेतल्यावर जागेवरच पैसे देणे अपेक्षित आहे हे ठाऊक असूनही अप्रामाणिकपणे आणि पैसे चुकविण्याच्या हेतूने निघून जाणे हा तो गुन्हा होय. त्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. उपाहारगृहात जेवून पळणारा व भाडे न देता टॅक्सीतून उतरून जाणारा हेही त्याच कलमाखाली येतात. जो खरोखरच विसरून निघून गेला किंवा ज्याचे पाकीट घरी राहिले व ज्याने तसे सांगून नाव, पत्ता लिहून दिला, तो गुन्हेगार ठरत नाही.

आपल्याकडील १९३० चा मालविक्री कायदा इंग्रजी कायद्याच्याच धर्तीवर झालेला आहे. पैसे न मिळालेल्या विक्रेत्यास माल ताब्यात असेपर्यंत तो अडवून ठेवण्याचा हक्क हा कायदा देतो आणि ग्राहकाने माल रीतसर ताब्यात घेताच हा हक्क संपतो. किराणा दुकानदाराची पुडी हे या हक्काचे घरगुती उदाहरण म्हणता येईल. पेट्रोलच्या बाबतीत मात्र मोजणे आणि ताब्यात देणे या दोन क्रिया एकाच वेळी, एकाच नळीतून होतात. विक्रेत्याने माल अडवून धरावा असा क्षणच मध्ये येत नाही. म्हणून पंपचालकाने आपला हक्क राखावयाचा असेल तर नळी उघडण्यापूर्वीच पैसे घेण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. आधी पैसे घेण्याच्या पद्धतीचा खरा पाया हाच आहे.

ब्रिटनने मात्र या मार्गाने जाण्याऐवजी शिक्षा आणि देखरेख यांवर भर दिला. तेथे आधी भरून मग पैसे देण्याची रीत बहुतेक पंपांवर चालू राहिली आणि गाडीचा क्रमांक टिपणारे कॅमेरे बसविले गेले.

साडेबारा डॉलरही नव्हते

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हँकूव्हर शहराच्या पूर्वेस मेपल रिज हे गाव आहे. मार्च २००५ मध्ये तेथील एका पंपावर ग्रँट नावाचा २४ वर्षांचा तरुण रात्रपाळीस एकटाच कामावर होता. चोरून आणलेल्या गाडीतून आलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने १२ डॉलर ३० सेंटचे पेट्रोल भरले आणि पैसे न देता तो निघाला. ग्रँटने त्यास अडविण्याचा प्रयत्न केला. तो गाडीखाली सापडला आणि सुमारे साडेसात किलोमीटर फरफटत नेला गेला. त्यातच त्याचा अंत झाला. गाडी चालविणाऱ्यास पुढे सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली.

त्याच्या मातापित्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांच्या मागणीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती. केवळ शिक्षा कडक करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. एकट्या कामगारावर चोर पकडण्याची वेळच येऊ नये, अशी कामाची रचना करा, असे ते म्हणत होते. ब्रिटिश कोलंबियाने हे म्हणणे स्वीकारले आणि १ फेब्रुवारी २००८ पासून प्रांतातील पंपांवर इंधन भरण्यापूर्वी पैसे घेणे सक्तीचे केले. असा नियम करणारा हा कॅनडातील पहिला प्रांत होय. लोक या नियमास ‘ग्रँटचा कायदा’ म्हणून ओळखतात. हा नियम चोरीच्या कायद्यात घातलेला नाही. कामगारांच्या सुरक्षिततेच्या व आरोग्याच्या नियमांत त्याला स्थान देण्यात आले. पैसे आधी घेण्याची जबाबदारी तेथे मालकावर आहे, आणि ती मालाच्या रक्षणासाठी नसून नोकराच्या रक्षणासाठी आहे.

या नियमांचा दुसरा भाग रात्री एकट्याने काम करण्यासंबंधी होता. रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या दुकानांत एकतर दोन कामगार असावेत किंवा कामगार व ग्राहक यांच्यामध्ये संरक्षक अडसर असावा, असे त्यात होते. छोट्या दुकानदारांना दुसऱ्या माणसाचा पगार जड जाऊ लागला व २०१२ साली या भागात सवलती देऊन इतर उपायांनाही मान्यता देण्यात आली. पैसे आधी घेण्याचा भाग मात्र टिकून राहिला. ज्या सुधारणेला दरमहा पगार लागतो तिच्यापेक्षा जिला एकदाच यंत्र बदलावे लागते ती अधिक टिकते, असे प्रशासनात अनेकदा आढळते.

इतर प्रांत या वाटेने लगेच गेले नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये टोरांटो शहरातील एका पंपावर भारतातून तेथे जाऊन स्थायिक झालेला एक कामगार सुमारे ११३ डॉलरच्या पेट्रोलची चोरी रोखण्याच्या प्रयत्नात गाडीखाली ठार झाला. टोरांटो हे शहर ओंटारिओ प्रांतात येते. या घटनेनंतर तेथे आणखी एका गोष्टीची चर्चा सुरू झाली. पैसे न देता गेलेल्या गाड्यांचे नुकसान काही पंपचालक कामगारांच्या वेतनातून कापून घेतात, अशा तक्रारी पुढे आल्या. वास्तविक अशी कपात त्या प्रांताच्या कायद्यास धरून नाही. परंतु नवा देश, नवी नोकरी आणि डोक्यावर कुटुंबाचा भार असलेला माणूस कायद्याचे पुस्तक उघडून मालकाशी वाद घालीत नाही. तो गाडीमागे धावतो. बारा डॉलरांसाठी कोणी जिवावर का उदार होतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा धाडसात सापडत नाही. ते वेतनपत्रकात सापडते.

अल्बर्टा प्रांतात २०१५ साली कॅलगरी येथे एक महिला कामगार आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये थॉर्स्बी या लहानशा गावी एक पंपमालक अशाच प्रकारे मृत्यू पावले. दोघेही परदेशांतून तेथे आलेले होते. त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये अल्बर्टाच्या विधिमंडळाने कायदा संमत केला आणि १ जून २०१८ पासून तेथेही आधी पैसे घेणे सक्तीचे झाले. पंप व किरकोळ विक्रीची दुकाने यांच्या मालकांनी कामाच्या ठिकाणी होऊ शकणाऱ्या हिंसाचारास आळा घालण्याची योजना तयार ठेवावी, असेही या कायद्याने सांगितले.

किती लागेल हे कोणास ठाऊक

आधी पैसे देण्याच्या पद्धतीत सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण ‘टाकी भरून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाची आहे. टाकीत नेमके किती मावेल हे त्याला ठाऊक नसते. रोख पैसे देणारा ग्राहक अंदाजाने एक रक्कम गल्ल्यावर ठेवतो, पंप तेवढ्या रकमेवर बांधला जातो आणि टाकी आधीच भरली तर उरलेले पैसे परत घेण्यास त्याला पुन्हा गल्ल्यावर जावे लागते. पंपातील नियंत्रक यंत्र ठरलेली रक्कम जवळ येताच प्रवाह मंद करते आणि नेमक्या आकड्यावर थांबवते. आपल्याकडे ‘पाचशेचे टाका’ म्हटल्यावर कर्मचारी जो आकडा दाबतो, त्याचेच हे काम.

कार्डाने पैसे देणाऱ्यासाठी पंपावरच यंत्र बसविलेले असते. कार्ड लावताच बँक ग्राहकाच्या खात्यातील काही रक्कम तात्पुरती राखून ठेवते, मग पंप सुरू होतो आणि भरणे संपल्यावर प्रत्यक्ष झालेली रक्कमच वळती होते. ही राखीव रक्कम कित्येकदा प्रत्यक्ष खरेदीहून बरीच मोठी असते. इंधनाचे भाव वाढल्यावर २०२२ साली व्हिसा व मास्टरकार्ड यांनी अमेरिकेतील या राखीव रकमेची कमाल मर्यादा १२५ डॉलरवरून १७५ डॉलरवर नेली. ज्याच्या खात्यात पैसा मुबलक आहे त्याला याची जाणीवही होत नाही. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीस जेमतेम तेवढीच शिल्लक आहे, त्याला मात्र वीस डॉलरचे पेट्रोल घेऊन, राखलेली रक्कम मोकळी होईपर्यंत, किराणा मालासाठी थांबावे लागते.

पंपचालकांचे आक्षेपही सर्वस्वी टाकाऊ नव्हते. आडगावातील जुने पंप बदलण्यास भांडवल लागते. पंपावरच पैसे देऊन जाणारा ग्राहक दुकानात येत नाही, आणि तेथील पंपांचा बराचसा नफा पेट्रोलपेक्षा दुकानातील चहा, कॉफी, खाऊ यांवर अवलंबून असतो. नेहमीच्या ओळखीच्या शेतकऱ्याला ‘आधी पैसे ठेव’ म्हणणे हाही एक संकोचच. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपल्या दुकानांतही असते आणि तिच्याखालीच उधारीची वही असते.

आपल्याकडील चित्र

महाराष्ट्रात पंपावर कर्मचारीच पेट्रोल भरतो. ग्राहक मीटरवरील शून्य पाहतो, रक्कम सांगतो आणि बहुधा भरणे झाल्यावर पैसे देतो. तोटी हातात असलेला माणूस समोर उभा असल्यामुळे कॅनडातील प्रश्न येथे त्या प्रमाणात उद्भवलेला नाही. काही ठिकाणी रात्रीच्या वेळी किंवा गर्दीत रक्कम आधी मागितली जाते, परंतु तो पंपाचा शिरस्ता होय. शासनाची तशी सक्ती नाही.

आधी पैसे भरण्याची पद्धत आपल्याकडे दुसऱ्या दाराने आली आहे. मालमोटारींच्या मालकांसाठी तेल कंपन्यांनी काढलेली कार्डे हे त्याचे उदाहरण होय. इंडियन ऑइलचे एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचे स्मार्टफ्लीट आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचे ड्राइव्ह ट्रॅक प्लस ही त्यांची नावे. मालक खात्यात रक्कम भरून ठेवतो आणि चालक दूरच्या पंपावर कार्ड दाखवून डिझेल भरतो. चालकाजवळ मोठी रोकड ठेवावी लागत नाही व कोठे किती भरले याचा हिशेब मालकास घरबसल्या कळतो. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झालेला फास्टॅग हाही आधी भरून ठेवलेल्या पैशांचाच प्रकार आहे. टोलनाक्यावर पैसे चुकवून जाणाऱ्याच्या पाठीमागे धावण्याचे काम त्याने बरेच कमी केले. २०१६ साली यूपीआय आल्यानंतर पंपावरील नोटांची देवघेव घटली. पैसे जमा झाल्याची घोषणा करणारे छोटे यंत्र पंपावर असते. ते बोलेपर्यंत ग्राहक थांबला की कर्मचाऱ्याची काळजी मिटते.

कर्मचाऱ्याच्या या काळजीचे मूळ पंपाच्या हिशेबात आहे. पाळी सुरू होताना प्रत्येक तोटीच्या मीटरचा आकडा लिहून घेतात व पाळी संपताना पुन्हा लिहितात. दोन्हींमधील फरकातून तपासणीसाठी काढून टाकीत परत ओतलेले इंधन वजा केले की जे लिटर उरतात, त्यांना दराने गुणून येणारी रक्कम त्या कर्मचाऱ्याने जमा करावयाची असते. मीटर कोणाचीही गय करीत नाही. एखादा मोटारसायकलस्वार दोनशे रुपयांचे पेट्रोल घेऊन निसटला, तरी मीटरवर ते लिटर उमटलेले असतात आणि संध्याकाळी ते कोणाच्या तरी नावावर लागतात. (ग्राहकास मापाविषयी शंका आल्यास पंपावरील पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागण्याचा त्याला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानला जातो.)

ही तूट कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापता येते काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. गावोगावची शाळा सोडलेली मुले मोठ्या संख्येने या नोकरीत जातात, आणि नेमके हेच कलम त्यांना कोणी सांगितलेले नसते. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात याविषयी तरतूद होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेल्या मालाचे नुकसान किंवा ज्या पैशाचा हिशेब त्याने द्यावयाचा आहे त्या पैशातील तूट, ही थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झाली असेल तरच कपात करता येते. कपात करण्यापूर्वी कामगारास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कोणी फसवून पळाला, एवढ्याने कर्मचाऱ्याची हयगय सिद्ध होत नाही. गाडीचा क्रमांक लिहून ठेवणे, पाळीप्रमुखास लगेच कळविणे व त्याची नोंद पाळीच्या वहीत करून घेणे एवढे त्याने केले असेल, तर ती नोंद पुढे त्याच्या बाजूने पुरावा म्हणून उभी राहते. गाडीपुढे उभे राहणे हे त्याच्या कामाचा भाग नाही.